नागपूरची जाळी, कंपनीचा मोनोग्राम

लागलं का डोक्याले? — चोळू नका, चोळलं का सुजते. साऱ्याईलेच लागते इथी. बोर्ड त्या बाजूनं खाली आला हाय, वाकूनच या लागते. — पाहून काय राह्यले, बोर्ड मोठा अन्‌ दुकान लहान, असंच ना? हाय खरं. अर्धा बोर्ड शेजारच्या सायकलवाल्याच्या शटरवर गेला हाय, तो रोज बोंबलते. बोंबलू द्या. — हो, अल्ताफ ऑटो हेच. वरोऱ्यात दुसरं नाई. — उस्ताद? म्हणा ना उस्ताद, सारेच म्हणतात. तुमी गुणवंतराव ना, नागभीडचे, राइस मिलवाले? काल फोनवर आवाज ऐकला तवाच समजलो मी, का हा माणूस गाडीच्या तोंडावरची जाळी बदलवून बसला असन. बसा त्या टायरवर. — अन्‌ गाडीत कोण हाय मागं? काळ्या काचेतून नीट दिसत नाई, बाबूजी दिसतात तुमचे. बसू द्या, बसू द्या, कडुलिंबाखाली लावली हाय गाडी, उन्हात कायले उतरवता म्हाताऱ्या माणसाले. — ते मंग सांगा, आधी मले जाळी पाहू द्या.

वा! काय चमकते राजेहो. आरशासारखी! दाढी करा याच्यात. नागपूरहून आणली ना? मले विचारू नका कसं समजलं, महिन्यातून पाच येतात अशा. कंपनीनं देल्लेली काळी जाळी तुमाले आवडली नाई, कारण नागभीडात तशा चार गाड्या हायेत, बरोबर? मंग ही लावली. मंग लग्नात गाडी उभी केली तं कोणीतरी विचारलं, भाऊ, ही कोणती गाडी हाय हो? झालं! तिथंच जीव खाली-वर झाला तुमचा. आता मोनोग्राम पायजे वापस, कंपनीचा, अस्सल, जुन्या जाळीवरचा. जाळी बाहेरची अन्‌ मोनोग्राम कंपनीचा. — रागावू नका, रागावता काऊन? मी काम नाई म्हणतो काय? करून देतो. पण इतकं पायजेच होतं ते नाव, तं काढलं कायले होतं, एवढंच विचारून राह्यलो. — थांबा, मधात बोलू नका, हे पिना मोडतात. जुनी जाळी उलटी धरा अशी. मांडीवर. हां.

बाकीच्याईकडे गेले असते तं गम लावून चिकटवून देल्ला असता पाच मिनिटात. लावतात, पोट्टे लावतात. अन्‌ मे महिन्यात चंद्रपूरच्या रोडवर दुपारी गाडी उभी केली, का गम पातळ होते अन्‌ मोनोग्राम पडते गळून, वरून जाणारा ट्रक त्याले डांबरात दाबून टाकते. मंग लोक येतात रडत. आमच्याकडे गम नाई. हे पाहा, याच्या मागं तीन पिना हायेत. या पिनाच्या टोकाले ग्रीस लावायचं, असं, थोडंसं, अन्‌ खोक्याच्या पुठ्ठ्यावर दाबायचं. उठले का तीन ठिपके? त्या ठिपक्यावरून अल्युमिनियमच्या पट्टीले छेद करायचे. पट्टी जाते नव्या जाळीच्या मागून, मोनोग्राम येते समोरून, पिना जाळीच्या भोकातून आरपार, अन्‌ मागून क्लिप. जाळीनं धरलंच नाई ना त्याले, पट्टीनं धरलं. समोरून पाहणाऱ्याले काय समजते? काहीच नाई. — थांबा, डिरिल चालवतो, कानावर हात ठेवा. — झालं. आता मधोमध कुठी लावायचा? ही पोट्टे मंडळी मीटरपट्टी लावतात, अन्‌ गाडीचं तोंड वाकडं करून ठेवतात. चला गाडीसमोर, दोरा धरा. त्या लाइटपासून या लाइटपर्यंत, ताणून. आता दोऱ्याची घडी मारायची, घडी पडली तिथं गाडीचं नाक. मीटरपट्टी माणूस चुकीची वाचू शकते, दोरा चुकत नाई, असं म्हणत उस्ताद —

कोणते उस्ताद म्हणजे? — काही नाई, बोलायची पद्धत हाय. — अहो, नाई हाव मी अल्ताफ. अयूब हाव मी. झालं समाधान? तुमाले मोनोग्राम लावून पायजे का माहं रेशनकार्ड पायजे? दोरा सोडू नका! — सोळा वर्सं होतो मी त्याईच्या हाताखाली. सोळा. ही पट्टी, हे ग्रीस, हा दोरा, सारं त्याईनंच शिकवलं, मी कुठी नाई म्हणतो? साखरेच्या बिमारीनं त्याईचे डोळे गेले तवा शेवटचे चार वर्सं सारं काम माह्याच हातचं होतं. गाडीवाले आत येत, त्याईले सलाम करत, अन्‌ जाता जाता म्हणत, वा अल्ताफ उस्ताद, हात हाय का काय! अन्‌ हात माहा! उस्ताद म्हणत, अयूबनं केलं भाऊ. कोणी मान वळवून पाहात नव्हतं. मंग मी इथी वेगळं दुकान टाकलं. अयूब ऑटो. पेंटरकडून लाल अक्षरात लिहून घेतलं. सात महिने, गुणवंतराव, सात महिने मी त्याच टायरवर बसून होतो, जिथी तुमी बसले होते. हात तेच, दोरा तोच. अन्‌ गाड्या माह्या समोरून धूळ उडवत त्या बंद पडत चाललेल्या दुकानात जात, आंधळ्या माणसाकडे, कारण तिथं नाव लिहिलं होतं! तुमच्यासारखे लोक कामाकडे पाहतच नाई. नाव पाहतात. थूत्‌ असल्या गिऱ्हाइकीवर.

मंग रोड रुंद झाला. उस्तादच्या दुकानाची पूर्ण लाइन तोडली. बुलडोझर यायच्या सकाळी मी गेलो अन्‌ बोर्ड खोलून आणला. — चोरी? चोरी कायची, तो ढिगाऱ्यातच जाणार होता. मी वाचवला. — हो, उस्तादले सांगतलं का बोर्ड मोडला. काय सांगायचं मंग? ते अक्षरं त्याईनं सोताच्या हातानं कापले होते, तेलाच्या ड्रमच्या पत्र्यातून, ठोकून ठोकून वर उचललेले. हे पाहा ना, जाड हायेत. त्याईची पोरगी निशात दोनदा आली माह्याकडे, घरी. म्हणे अयूबभाई, अब्बा रोज विचारतात, एखादं अक्षर तरी सापडते का पाहा ना. एक अक्षर. मी म्हटलं, भंगारवाल्यानं नेलं. — काय पाहता असे? त्याईले दिसत नाई, बोर्ड घरी नेऊन काय करणार होते? ते घरून निघत नाई. वरोऱ्यात लोकाईले वाटते उस्तादनंच मले देल्ला, कोणी विचारतच नाई. अन्‌ बोर्ड लावला त्याच्या तिसऱ्या दिवशी चार गाड्या उभ्या होत्या इथी. चार! एकानंही विचारलं नाई का हात कोणाचा हाय. भिंत लहान पडली, बोल्ट बसले नाई, तारेनं बांधला, म्हणून वाकडा हाय. बांधून घेईन कवातरी नीट.

झालं तुमचं. हलवून पाहा. जोरानं ओढा, येते का? नाई येत. आता लग्नात कोणी विचारणार नाई, कोणती गाडी म्हणून. पण एक सांगून ठेवतो, जाळी काही कंपनीची झाली नाई याच्यानं. तुमाले माहीत हाय, मले माहीत हाय. गाडी धुतांनी दरवेळेस तुमाले ते दिसन, अन्‌ तुमी उगाच त्याच्यावरून फडकं फिरवत बसान. असंच होते. रोज होते. — मी गाडीचंच बोलून राह्यलो.

आता बोला, काय सांगत होते तुमी कवापासून? — हं. — पुन्हा बोला. — बसस्टँडवर पत्ता विचारला, अल्ताफ उस्ताद कुठी म्हणून… अन्‌ लोकाईनं घर दाखवलं? कोणाचं घर? — अन्‌ ते सोताच म्हणाले, मले बसव गाडीत, पाहू दे कोण मोनोग्राम लावते माह्या नावानं? — आल्याबरोबर सांगा लागत होतं ना, माणूसच हाय का कोण तुमी! — मी बोलू देल्लं नाई. हो. नाई देल्लं.

ती मागची काच कवापासून खाली हाय?

उतरवू नका त्याईले, दार लावा, दार — सलाम उस्ताद, मी अयूब — थांबा, मी येतो, काठी इकडं द्या, हात धरतो तुमचा — समोर पाय नका टाकू, वाकून, वाकून या, तिथी वरती —

लागलं का?

गुणवंतराव, गाडी घेऊन जा तुमी. पैसे नको. काऊन उभे राह्यले, जा ना भाऊ. दिसत नाई का, बोटं फिरवून राह्यले ते अक्षरावर. वाचू द्या त्याईले.