डावा कान

(मौद्याजवळचं एक गाव. दुपारची वेळ. प्रेमिलाच्या अंगणात लाल मिरचीचा ढीग. पलीकडच्या टोकाला तिची सोळा वर्षांची मुलगी मिनल पाठमोरी बसून देठ तोडते आहे. गावच्या शाळेच्या शोभाताई बाजेच्या कडेवर टेकल्या आहेत. घरून निघताना मनाशी जुळवलेलं एकही वाक्य त्यांना आता आठवत नाही.)

शोभाताई – नको, चहा नको ठेवू. आधी ऐकून घे.

प्रेमिला – आयकून राहिली ना, बाई. हात चालू राहू द्या फक्त, संध्याकाळी गाडी येते मिरची न्याले. बोला. शाळेतलं काही आहे काय? माह्या घरचं तर आता कोणी नाही शाळेत.

शोभाताई – मिनलचं बोलायचं आहे.

प्रेमिला – मिनलचं? तिले शाळेतून काढून सात वर्सं झाले. तुम्हीच बलावलं होतं आमाले. म्हणे, पोट्टीच्या डोक्यात काही शिरत नाही, घरकामाले लावा.

शोभाताई – मीच म्हटलं होतं. म्हणूनच आली. मागच्या आठवड्यात नागपूरला आमचं पाच दिवसांचं ट्रेनिंग झालं. दिव्यांग पोरांना साध्या शाळेत, सगळ्यांसोबत कसं शिकवायचं, त्याचं.

प्रेमिला – मंग? माह्या पोरीचे हातपाय धड आहेत.

शोभाताई – दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या चिन्मयी मॅडमनं आमच्या कानात कापूस कोंबला. वरून रुमाल बांधला. अन् स्वतः फळ्याकडे तोंड करून दहा शब्द सांगितले. लिहा म्हणे. मला तीन आले.

प्रेमिला – कापूस असल्यावर कसे येतीन?

शोभाताई – मग माझ्याजवळ आल्या, वही उचलली अन् जोरात ओरडल्या. ‘बाकीच्यांना आलं, तुला का येत नाही? लक्ष कुठं असतं?’ आम्हाला समजावं म्हणून करत होत्या त्या. सगळा हॉल हसला. मी नाही हसली. ते बोलणं माझं होतं, प्रेमिला. तसंच्या तसं. मी मिनलला बोलायची ते.

प्रेमिला – काय म्हणता तुम्ही?

शोभाताई – मिनलला कमी ऐकू येतं.

प्रेमिला – काही सांगता, बाई! आयकते ती. सांगतलेलं सारं काम करते.

शोभाताई – तू समोर असली तर करते. आता तिची पाठ आहे इकडे. मार हाक.

प्रेमिला – मिनल! ... मिनल वं! ... कामात ध्यान आहे तिचं.

शोभाताई – पुन्हा मार.

प्रेमिला – ए मिनल!

शोभाताई – बघ.

प्रेमिला – मी तं मिरची फेकून मारतो तिले. रोजचंच आहे ते. मले वाटे, आडमुठी आहे, मुद्दाम करते. हे घे...

मिनल – काय वं? काहून मारते?

प्रेमिला – काही नाही. कर तू काम. ... बाई, लहानपणी कान वाहे तिचा. डावा. मी गोडं तेल कोमट करून टाको त्याच्यात. सासूनं सांगतलं होतं.

शोभाताई – कापूस घालून यायची शाळेत. मला वास यायचा, म्हणून मी तिला मागं बसवलं. शेवटच्या रांगेत, खिडकीजवळ.

प्रेमिला – अन् मारलंबी.

शोभाताई – हो. कितीतरी वेळा. एकदा फार जोरात. उजव्या हातानं थापड मारली म्हणजे डाव्याच कानावर बसली असेल. त्या दिवशी ती खालीच बसली होती, कान धरून.

प्रेमिला – मंग तिचे कान आधीच गेले होते, का तुमच्या थापडीनं गेले?

शोभाताई – नाही माहीत. ट्रेनिंगमध्ये विचारायचं होतं. सगळ्यांसमोर तोंड उघडलं नाही माझं.

प्रेमिला – घरी येऊन सांगे ती. बाईनं मारलं म्हणे. मी इचारो, काहून मारलं? तं म्हणे, मले समजलं नाही. मंग मीबी एक ठेवून देवो. त्याच गालावर. हिचं लगन पाहून राहिलो आम्ही, बाई. अठरा झाले का देऊन टाकू म्हणतात घरचे. मठ्ठ आहे म्हणून लवकर. ... तुम्ही काहून सांगितलं मले हे? तुमचं हलकं झालं असंन. माहं काय?

शोभाताई – माझं हलकं नाही झालं वं.

मिनल – झालं असंन.

प्रेमिला – तू... तुले आयकू आलं?

मिनल – तोंड दिसते इकून. मिरची मारली तवापासून पाहून राहिली. बाई, तुम्ही पहिले तोंड झाकून बोलाच्या. पदर धरून. तुमचं तं काहीच समजे नाही.

शोभाताई – तू सांगितलं का नाही, मिनल? मला नाही तर आईला तरी?

मिनल – काय सांगू? मले वाटे, सगळ्याइले एवढंच आयकू येते. बाकीच्याइले त्याच्यातून समजते, मले नाही समजत.

शोभाताई – मंगळवारी नागपूरला धंतोलीत कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावला आहे. मी रजा टाकली. तुम्ही दोघी चला माझ्यासंगं. मशीन लागेल, नाहीतर दुसरा काही उपाय सांगतील. पुढं बाहेरून परीक्षेचा फॉर्मही भरता येतो.

प्रेमिला – येऊ आमी. पण बाई, एक आयका. किती आयकू येते, ते इचारजा. काय कराचं, तेबी इचारजा. कशानं झालं, ते नका इचारू. तुम्ही नका इचारू, मीबी नाही इचारत.

शोभाताई – बरं.

मिनल – मी इचारीन.