राणीछाप आणि लोकरीचं टोपडं

दत्ताराम : पक्कड कुठे ठेवलीस गं?

गिरिजा : का? कुठला नळ गळतोय आता?

दत्ताराम : नळ नाही. तू दे तर आधी.

गिरिजा : कशाला ते सांगा, मग देते... अहो! हा कसला आवाज? काय फोडलंत?

दत्ताराम : राहू दे पक्कड. बत्त्याने झालं काम.

गिरिजा : माझा बत्ता! आणि हे काय, राणीछाप रुपयाची डबी फोडलीत? अमेरिकेहून सीलबंद होऊन आलेली?

दत्ताराम : मग? परत नंबर लावून घ्यायचा तर नाणं मोकळं नको करायला? तिथल्या नाणी तपासणाऱ्या लेकाच्यांनी सत्तरपैकी बासष्टच दिलेत. चौसष्ट तरी मिळायला हवेत ह्याला. फक्त काळा पडलाय. एकदा चकचकीत करून पाठवला की झक मारत देतील.

गिरिजा : चकचकीत म्हणजे त्या बाटलीने?

दत्ताराम : हो, सराफाने दिलेल्या औषधाच्या. घासायचं नाही, पुसायचं नाही. बुडवला, काढला, नळाखाली धरला. परवा पंचम जॉर्जचा बुडवला ना मी? कसा पांढराशुभ्र झाला!

गिरिजा : कोण म्हणतं पांढराशुभ्र?

दत्ताराम : मी बघितला ना.

गिरिजा : तुम्ही काल शेजारच्या जिग्नेशभाईंच्या बायकोला आपली नीलम समजून "ये गं बाळा, भूक लागली का" म्हणालात. त्या बिचाऱ्या "अंकल, मैं हूँ, मैं हूँ" करत पळाल्या.

दत्ताराम : जिन्यात अंधार होता.

गिरिजा : भर सकाळी. आणा इकडे तो रुपया. आणि कडेने धरा, बोटं लावू नका. तुम्हीच मला शिकवलंत ना?

दत्ताराम : देत नाही. आज हे काम उरकायचंच आहे मला.

गिरिजा : उद्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि आज हे काम? नीलम येणार आहे सकाळी मोरव्याहून न्यायला. पिशवी भरायची आहे तुमची.

दत्ताराम : म्हणूनच आज.

गिरिजा : अहो, फोर्टच्या त्या नाणीवाल्या शेटजींनी काय सांगितलं होतं? मी शेजारीच बसले होते. म्हणाले, काका, ह्याचा रंग अस्सल आहे, ह्याला हात लावू नका. चांदीवर बारीक साय असते, नाणं फिरवलं की तिच्यावर उजेड फिरतो. औषध ती सायच खाऊन टाकतं. ती गेली की नाणं मेलं.

दत्ताराम : शेटजी गोड बोलतो. कसला रंग? काळा कुळकुळीत झालाय. मी हा रुपया आईच्या हातात दुधासारखा पांढरा बघितलाय.

गिरिजा : आणि ह्याचा जोडीदार? देव्हाऱ्यातला? तोही दुधासारखाच होता. तुमच्या सरूआत्यांनी दर लक्ष्मीपूजनाला चिंच लावून, रांगोळीने घासघासून त्याचं काय केलं? राणीचं नाक गेलं, वेणी गेली. तोही पाठवलात तुम्ही हौसेने अमेरिकेला. नंबर तरी दिला का?

दत्ताराम : "साफ केलेलं" म्हणून परत पाठवला. माहीत आहे मला.

गिरिजा : मी हसले तर दोन दिवस बोलला नव्हतात.

दत्ताराम : तू हसलीसच तशी. पण ते घासणं वेगळं, हे बुडवणं वेगळं.

गिरिजा : त्यांना सगळं कळतं. भिंगाखाली धरतात. आणि त्यांचं मरो, मला सांगा, हा एकटा कसा वाचला सरूआत्यांच्या हातून?

दत्ताराम : तुझ्या ट्रंकेत होता म्हणून.

गिरिजा : ट्रंकेत कशात?

दत्ताराम : असेल कागदात.

गिरिजा : कागदात! अहो, नीलमच्या बारशाला सासूबाईंनी दोन्ही रुपये आणले. एक देवापुढे ठेवला, एक तिच्या मुठीत. आपण लालबागच्या खोलीत होतो तेव्हा. पोर कसली वस्ताद, तोंडात घालायला निघाली. मी घाईने काढून घेतला, ठेवायला जागा नाही, बायकांची ही गर्दी. तिच्या डोक्यावरचं टोपडं काढलं आणि त्यात गुंडाळला. मी विणलेलं, पिवळ्या लोकरीचं. तसाच ट्रंकेत गेला. खोली सोडली, इथे नवघरला आलो, मागे मिठागरं होती तेव्हा, सगळ्या पितळेला हिरवं चढायचं. तरी त्या टोपड्याची घडी मी मोडली नाही. तुम्ही रिटायर झाल्यावर नाण्यांचा नाद लागला, तेव्हा तुमच्या हातात दिला.

दत्ताराम : हे कधी बोलली नाहीस.

गिरिजा : तुम्ही विचारलंत कधी? शेटजींनी विचारलं, कशात ठेवलं होतं, तर तुम्ही ऐटीत "कपाटात". ते म्हणाले नाहीत का, लोकरीने असा रंग चढतो? मी मनात म्हटलं, बरोबर आहे. टोपड्याचा रंग आहे तो. धुऊन टाकलात तर परत कुठून आणू? तेवढी वर्षं परत ठेवायला कोण आहे?

दत्ताराम : गिरिजा...

गिरिजा : काय?

दत्ताराम : मला दिसत नाही गं तो.

गिरिजा : कोण?

दत्ताराम : रुपया. भिंग लावलं तरी काळी चकती दिसते. राणी नाही, काही नाही. नंबराचं एक निमित्त. माझ्या दोस्ताचा, बबनचा, डोळा ऑपरेशननंतर कायमचा अधू राहिला. उद्या माझं तसंच झालं तर? म्हटलं, चकचकीत केला तर त्याआधी एकदा दिसेल तरी.

गिरिजा : मग असं आधी नाही का बोलायचं? बत्ता काय घेऊन बसलात!

दत्ताराम : तुला काळजी वाटली असती.

गिरिजा : आणि आता काय आनंद झालाय मला? द्या इकडे. द्या म्हणते ना. हे बघा, बाटली फळीवर आहे, तिला पाय फुटत नाहीत. उद्या ऑपरेशन, परवा पट्टी निघेल. पट्टी निघाल्यावर बघा रुपया. मग काळाच वाटला तर मी स्वतः बुडवीन, माझ्या हाताने.

दत्ताराम : आणि पट्टी निघून दिसलंच नाही तर?

गिरिजा : तर मी सांगेन काय काय दिसतं ते. रोज सांगेन. मला कंटाळा नाही येत बोलायचा, तुम्हाला माहीत आहे.

दत्ताराम : ते कुणाला माहीत नाही! घे. कडेने धर.

(तिसऱ्या दिवशी सकाळी. पट्टी काढून रिक्षाने नुकतेच घरी आलेले. मुलगी नीलम सोबत आहे.)

नीलम : बाबा, गॉगल काढू नका म्हटलं ना! वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लावायचं नाही. डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलंय.

दत्ताराम : घरात कसलं ऊन? अगं, ह्या भिंतीला आपण गुलाबी रंग लावला होता?

नीलम : पाच वर्षं झाली. तुम्हीच पसंत केलात.

दत्ताराम : मी? चहाच्या रंगाची समजत होतो मी. आणि हा ॲल्युमिनियमचा बिल्ला कोणी आणून ठेवलाय टेबलावर?

गिरिजा : नीट बघा.

दत्ताराम : जॉर्ज? हा तो?

गिरिजा : पांढराशुभ्र.

दत्ताराम : मेलाय गं हा. फिरवला तरी ह्याच्यावर उजेड फिरत नाही. दाढी पीठ फासल्यासारखी. मी असा केला ह्याला?

गिरिजा : जाऊ द्या. ह्याच्यासारखा दुसरा जॉर्ज आहे तुमच्याकडे.

नीलम : आई, तू काय काढतेयस? हे काय, लहान बाळाची टोपी?

गिरिजा : तुझी. वास नको घेऊस, डांबरगोळ्या आहेत त्यात. अहो, इथे खिडकीशी या. हात पुढे करा. कडेने.

दत्ताराम : धरला. थांब, उजेडाकडे फिरवू दे.

नीलम : बाबा? डोळा दुखतोय का? पाणी आलंय. आई, ड्रॉप्स दे लवकर.

दत्ताराम : ड्रॉप्स नको. गिरिजा, हा निळा आहे.

गिरिजा : हो.

दत्ताराम : कडेला जांभळा. मग मोरपिशी. आत राणीच्या गालावर मधासारखं काहीतरी. केव्हापासून आहे हा असा?

गिरिजा : तुमच्या हातात दिला तेव्हापासून.

दत्ताराम : आणि मी ह्याला बत्त्याने...

नीलम : बत्त्याने काय? बाबा, काय केलंत तुम्ही?

गिरिजा : काही नाही, डबी उघडली. तू चहा टाक.

नीलम : टाकते. पण मला दाखवा ना. अय्या, किती मस्त! हे पेंट केलंय?

दत्ताराम : तुझ्या टोपड्याने केलंय. आईने विणलं, तू घातलंस, बाकीचं लोकरीने केलं.

नीलम : म्हणजे काय ते मला समजेल असं सांगा कोणीतरी. आणि आता पाठवणार का परत अमेरिकेला? आमची मिनल म्हणत होती, आजोबांचा नंबर वाढला की मला हवा तो रुपया.

दत्ताराम : मिनलला म्हणावं, तुलाच आहे. पण नंबर नाही, टोपड्यासकट. आणि वर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावायची, ह्याला धुवायचं नाही.

गिरिजा : म्हणजे जायचा नाही तो कुठे?

दत्ताराम : इतक्या लांब कशाला? आत्ता तर दिसायला लागलाय. थांब हं, गंमत बघ. हा डोळा मिटला, जुन्याने बघतो, काळी चकती. तो मिटला, नव्याने बघतो, मोरपीस. काळी. मोरपीस.

नीलम : बाबा, डोळे मिचकावू नका असे! आई, बघ ना हे काय करतायत.

गिरिजा : करू दे थोडा वेळ. अहो, आणि मी? मी कशी दिसते नव्या डोळ्याने?

दत्ताराम : तू?

गिरिजा : खरं सांगा. मघापासून चोरून माझ्याकडे बघताय.

दत्ताराम : सुरकुत्या आहेत. इथे कपाळावर, इथे ओठांपाशी, हनुवटीखालीसुद्धा. सगळ्या दिसतायत.

गिरिजा : बघा! म्हणून म्हणत होते, एकच डोळा करा.

दत्ताराम : साय आहे ती, तिला हात लावायचा नाही. नीलम, चहा राहू दे. आधी फळीवरची ती बाटली काढ आणि मोरीत ओतून ये.