पत्र्याच्या टॉकीजचं लेडीज दार

मी मूळची शिरपूरकडची, सुमन नाव माझं, लग्न झालं नि इकडं सुरतेत उधन्याला आले, नवरा सांच्यावर व्हता, सांचा म्हणजे लूम, इथं सांचाच म्हणतात. पोरगं तीन वर्षांचं असताना नवरा गेला, छातीत रुई बसली म्हणे. मग काय सांगू भाऊ तुम्हाला, चाळीसमोर टॉकीज व्हती, पत्र्याची टॉकीज म्हणायचे सगळे, वरती मोठं नाव रंगवलेलं व्हतं पण ते कोणी घेत नव्हतं, तर तिथल्या शेठला लेडीजच्या दारावर बाई पाहिजे व्हती. पुरुष उभा असला की आमच्या खान्देशच्या बाया आत यायला लाजायच्या. मला ठेवलं नि पडद्यामागं एक खोली दिली राहायला.

रविवारी सकाळी मराठी पिच्चर लागायचा. धुळ्याच्या, नंदुरबारच्या, कुठकुठच्या बाया यायच्या, कळण्याच्या भाकरी बांधून, दोन खुर्च्यांना लुगड्याची झोळी बांधून पोर झोपवायच्या, पडद्यावर सासू आली की सगळ्या मिळून तिला शिव्या द्यायच्या. नि रडायच्या भाऊ, पोटभर रडायच्या. घरी एका खोलीत आठ माणसं, रडणार कुठं. सुशीला अशीच यायची, पलीकडच्या चाळीतली, मूलबाळ नाही, कडेच्या खुर्चीवर बसायची नि इंटरव्हलला माझ्या हातावर चिमूटभर मिसरी ठेवायची.

लेडीजला गल्लीत उघडणारं एक वेगळं दार व्हतं. त्या दारातून बाया आपल्या भावाला, नवऱ्याला फुकट आत घेतात, असं शेठच्या कानावर गेलं. शेठ म्हणे, पिच्चर सुरू झाला की कुलूप घाल, नाहीतर खोली खाली कर. मी घालायला लागले. चावी पदराला बांधलेली.

त्या रविवारी मी मागं नळावर पाणी भरत व्हते. वर केबिनमध्ये रीळ अडकलं नि जळलं, नुसता धूर, आग नव्हतीच भाऊ, पण कोणीतरी आग म्हणून ओरडलं. मी हंडा टाकून पळाले. आतून दारावर हात आपटत व्हते, नि माझी पदराची गाठ सुटेना, ओली झाली व्हती, शेवटी दातानं तोडली. दार उघडलं तर बाया एकीवर एक पडल्या. सगळ्यांत खाली सुशीला. एका परक्या बाईचं लेकरू पोटाखाली धरून पडलेली, लेकराला ओरखडा नाही, नि हिचा कणा मोडला.

पोलीस आले. त्याच्या आधी शेठनं मला बाजूला घेतलं, म्हणे दार उघडं व्हतं असं सांग, तुला पोरगं आहे. मी सांगितलं, साहेब, दार उघडं व्हतं. झालं, बायांनीच घाई केली असं लिहून गेले, नि सुशीलाला कोणी काही विचारलं नाही, काही मिळालं नाही. आजपर्यंत हे मी कोणाला सांगितलं नाही भाऊ, लिहून घ्या तुम्ही.

तिला मात्र सांगितलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात, पाय धरून सांगितलं, त्या पायांना माझा हात लागलेला कळतसुद्धा नव्हता. तिनं तोंड भिंतीकडं केलं. नवरा तिचा महिन्यातच गावाकडं गेला, दुसरी केली. मग मी तिला माझ्या खोलीत आणलं. हागणं-मुतणं, न्हाणं, सगळं केलं, पण ती बोलेना. पावसाळा गेला, दिवाळी गेली, नि एका सकाळी म्हणते, च्या मांड वं. मी चुलीजवळ बसून इतकी रडले.

मग केबल आली, मॉल आले, रविवारच्या बाया टीव्हीसमोर बसल्या. टॉकीजमध्ये घाणेरडे पिच्चर लागले, मग तेही बंद. आम्ही दोघी राखणदार म्हणून तिथंच. शेठ वारला, त्याच्या पोरांनी जागा विकली, आता साडीचं मार्केट होणार. अर्धे पत्रे निघाले, खुर्च्या भंगारात गेल्या, आमची खोली तेवढी उभी आहे, ती या महिन्यात खाली करायची.

पोरगा माझा कतारगामला हिरे घासतो, तिसऱ्या मजल्यावर राहतो. तो म्हणतो आई तू चल, पण मावशीला कुठं ठेवू. त्याचंही खोटं नाही. सुशीलानं ऐकलं, म्हणे, तू आंडोरकडे जाय, मी आठेच पडी राहसू. आंडोर म्हणजे पोरगा, आठे म्हणजे इथं, आमच्या बोलीत. मी म्हटलं, पुन्हा असं बोललीस तर बघ.

रोज खोली बघते. खालचीच पाहिजे, तिला जिना कसा चढवू. घरमालक विचारतात, आ बीजी कोण, ही दुसरी कोण तुमची. बहीण नाही, नणंद नाही, काय सांगू. माझी आहे म्हणते. मान हलवतात, दार लावून घेतात. पहिल्यांदा आधार कार्ड मागतात, मग तिला उठता येत नाही कळलं की, इथं मेली तर कोण करणार म्हणतात तोंडावर.

उद्या भेस्तानला एक जागा बघायचीय. तिथं नाही झालं तर पुढं मला काही दिसत नाही भाऊ, खरंच नाही दिसत. कधी वाटतं देवानं आधी तिला न्यावं, नि असं वाटलं की माझं मलाच थोबाडावं वाटतं. तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, तुमची लेकरं सुखात राहोत. आता उठते, तिची कूस बदलायची वेळ झाली.