उत्तरेच्या कुंपणाबाबत आर्लन क्वाले यांचा जबाब

मी, नामे आर्लन क्वाले, वय ६८ वर्षे, धंदा बायसन पाळणे, त्याआधी चाळीस वर्षे गाई पाळणे, राहणार हार्लो गावाच्या उत्तरेस बारा मैल, साउथ डकोटा, आज दिनांक ७ मार्च रोजी शेरीफ कचेरीत डेप्युटी कॉर्डेल यांच्या समोर बसून विचारल्यावरून सांगतो की,

मी व माझी धाकटी बहीण सिग्ने, वय ६३, दोघेही बिनलग्नाचे, वडिलांच्या रानात एकत्र राहत होतो. नऊ वर्षांपूर्वी सिग्नेने हट्ट धरून गाई विकायला लावल्या व बायसन आणले. मी त्यांना केसाळ रेडे म्हणत असे. कळप तिचाच होता. तिने बादली वाजवली की बावन्नच्या बावन्न तिच्यामागे येत. माझ्यामागे कधी आले नाहीत.

मंगळवार दिनांक ४ रोजी सकाळी ११ च्या सुमारास उत्तरेकडून हिमवादळ आले. दुपारी १ वाजता स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले असता गवताच्या गंजीपाशी कळप दिसला नाही. सिग्ने म्हणाली, "उत्तरेच्या कुंपणावर बर्फ चढलाय, तारा गाडल्या गेल्यात. ते चालत पलीकडे जाणार. पुढे गोठलेलं तळं आहे, आर्लन, आणि मार्चातला बर्फ कच्चा असतो. ट्रॅक्टर काढ, चल."

मी म्हणालो, "वाऱ्याच्या तोंडावर कोणतं जनावर जातं गं? दक्षिणेच्या कोपऱ्यात अडकलेत ते. गुदमरून मरतील तिथं."

"वाऱ्याला पाठ देते ती गाय. बायसन तोंड देतो. नऊ वर्षं ओरडून सांगतेय! गाईंमागे फिरून फिरून तुझं डोकंपण गाईचं झालंय."

"आणि चार पुस्तकं वाचून तुला शिंगं फुटलीत," असे मी बोललो. त्यानंतर आमचे बोलणे झाले नाही.

ट्रॅक्टर एकच आहे. त्याला बंद केबिन व हीटर आहे. तो मी घेतला व दक्षिणेस गेलो. सिग्ने पेंडीचे पोते व बादली घेऊन जुन्या पिकअपमधून निघाली. ती फाटकातून कुठे वळली ते मी आरशात पाहू शकलो असतो. पाहिले नाही. रागात होतो.

दक्षिणेच्या कोपऱ्यात काही नव्हते. दुपारी ४ वाजता घरी आलो. सिग्ने नव्हती. चाकांच्या खुणा वाऱ्याने पुसल्या होत्या. मी आपल्या कचेरीत फोन केला. आपण विचारलेत, "बाई कुठल्या दिशेला गेल्या?" मी सांगितले, "कळपामागे गेली. कळप वाऱ्याबरोबर दक्षिणेला जाणार. तिकडेच शोधा." ती उत्तरेस जाते म्हणाली होती, हे मी आपणास सांगितले नाही. का, असे आपण आज तीनदा विचारलेत. स्वतःची चूक कळली की ती आपण होऊन दक्षिणेला, माझ्या बाजूला वळेल, असे मी धरून चाललो होतो. दुसरे कारण नाही.

त्यावरून आठ माणसे दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजेपर्यंत दक्षिणेस शोधत होती. वारा पडल्यावर शेजारी ड्वेन हौगेन यांना उत्तरेस तळ्याच्या अलीकडे कळप दिसला. सगळी जनावरे उत्तरेकडे तोंड करून उभी होती. पिकअप कुंपणाच्या अलीकडे बर्फात रुतलेली होती. सिग्ने कळपाच्या पुढे, तळ्याच्या काठावर मिळाली. बादलीची कडी तिच्या हातातच होती. पेंड संपलेली होती. एकही जनावर बर्फावर उतरले नव्हते. मी मोजली. बावन्न भरली.

डॉक्टरांचे म्हणणे, ती पहाटेपर्यंत जिवंत असावी. घरापासून ती जागा सव्वा मैल आहे. ट्रॅक्टरने वीस मिनिटे लागतात.

कळपाचे काय करणार, असे आपण विचारलेत. मला ठाऊक नाही. काल बादली वाजवली. त्यांनी माना वर केल्या, मला पाहिले व पुन्हा खाली घातल्या.

माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. त्यात एके जागी 'वादळामुळे दिशा न समजल्याने' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. दिशा मला सांगण्यात आली होती. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.