फालतू आवाज

आई : हात लावू नकोस त्या फोनला. आधी सांग, तुझ्या बापाचा धडा कुठं गाडलास?

लेक : गाडला नाही, काढला. आमच्या फुकट शिकवणीच्या साइटवर ढीगभर जुनी रेकॉर्डिंगं पडून होती. ती साठवणारी मशीनं वीज खातात, त्यांना थंड ठेवायला पाणी लागतं. पर्यावरणाचे धडे द्यायचे आणि आपणच उधळायचं?

आई : म्हणून कुऱ्हाड चालवलीस मेलेल्या माणसावर. तो काय उलटून बोलतोय!

लेक : मी नाही निवडलं. एआयला सांगितलं होतं, कुणी ऐकत नाही ते काढून टाक.

आई : मी ऐकत होते. रोज दुपारी.

लेक : तू एकटी! एकच फोन, एकच धडा. त्याला वाटलं, यातून कुणी काही शिकत नाहीये.

आई : ते मात्र खरं. जमिनीत पाणी मुरवायचं शिकून मला या वयात काय विहीर खणायचीय?

लेक : मग? धडा आहे की. एआयनं आधीच लिहून ठेवलाय, शब्दन् शब्द. वाचूनही दाखवेल. हवं तर बाबांच्याच आवाजात...

आई : ह्यांच्या आवाजात त्या डबड्यानं तोंड उघडलं तर चुलीत घालीन! ह्यांचं खोकणं कुठंय त्यात? मधेच मी आतून ओरडते, "दूध उतू गेलं, तुमचं पाणी मुरलं का?" ते कुठंय? आणि हे म्हणतात, "थांबा मुलांनो, वरिष्ठ आल्या."

लेक : ते फालतू आवाज म्हणून गाळलं.

आई : कोण फालतू?

लेक : शब्दात पकडू नकोस. बाबा होते तेव्हा तूच साइटच्या नावानं खडे फोडायचीस. जन्मभराची विद्या फुकट वाटतायत म्हणे, कुणीही यावं न् उचलून न्यावी!

आई : अजून म्हणते. लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या नुसत्या.

लेक : उचलून नेली म्हणूनच मिळतेय.

आई : काय मिळतंय?

लेक : मघापासून मी फोन मागतेय तो कशाला? आमच्याकडचं कुणीही उतरवून घ्यावं, हा बाबांचाच हट्ट. एका शाळेतल्या मास्तरांनी त्या धड्याचं रेकॉर्डिंग कधीचं उतरवून ठेवलंय. पाठवायला तयार आहेत.

आई : मग अडलंय कुठं? मुहूर्त काढायचाय त्यांना?

लेक : त्यांनी विचारलंय, मधे एक बाई ओरडतात, त्या कोण? नको असतील तर तेवढं कापून पाठवतो म्हणाले.

(आई फोन लेकीच्या हातात ठेवते.)

आई : लिही त्यांना. कापायचं नाही. वरिष्ठ आहेत म्हणावं. अजून आहेत.