आर्वीचे बूट

आमच्या आर्वीनं कॉन्व्हेंटात काय केलं, ते सांगितलं का तुम्हाला? दादाची पोरगी, चार वर्षांची. पहिल्याच दिवशी वर्गाच्या दारात बसली आणि सिस्टरपुढं पाय लांब केला.

सिस्टर म्हणाल्या, "घरी बूट कोण काढतं?"

"आजोबा."

"आणि मोजे?"

"पप्पा."

सिस्टर दादाकडं वळल्या. "आठवड्यात स्वतः काढायला शिकली तर ठेवू, नाहीतर पुढच्या वर्षी आणा."

झालं. आजोबा, म्हणजे आमचे तात्या, आणि दादा रोज दारात वाकून शिकवायचे आणि शिकवता शिकवता बूट काढूनच ठेवायचे.

मी म्हणलं, "तात्या, तुम्ही लांब उभं ऱ्हावा."

"कॉलेज सोडलेला तू, मला शिकवतो व्हय?"

शनिवारी तात्यांची कंबर धरली, दादाची कारखान्यात ड्यूटी. मला धाडलं. मी भिंतीला टेकून मोबाईल बघत बसलो. पोरगीनं लई वेळ माझ्या तोंडाकडं बघितलं, मग चिडून स्वतःच बूट-मोजे ओढून काढले आणि आत गेली.

सिस्टर बाहेर आल्या. "सोमवारपासून तुम्हीच आणा हिला. तुम्ही काहीच करत नाही, हे फार चांगलं आहे."

मी म्हणलं, "सिस्टर, एवढं तिच्या डायरीत लिहा. खाली तात्यांची सही आणतो."