शिंगाच्या टोपीचा नवस

(लासुर्णे, मे १९९५. रामहरींच्या घरापुढं बाज टाकलीय. सुप्याचे मानसिंगराव आपल्या पोरीच्या लग्नाची तारीख धरायला आलेत. ज्याचं लग्न, तो सूरजही बसलाय. चहा दुसऱ्यांदा झालाय.)

मानसिंग : परत एकदा सांगा, रामहरीराव. पोरगा चांगला, पोरगी पसंत, देन्याघेन्याचं भांडान न्हाय. मग लगीन कुनामुळं अडलंय म्हनला?

रामहरी : अमेरिकेतल्या टीममुळं.

मानसिंग : टीम म्हंजे, भजनी?

सूरज : फुटबॉलची, तात्या. त्यांच्याकडचा फुटबॉल.

मानसिंग : तुमचं कोन हाय त्यात? मामा, मावसभाऊ?

सूरज : कोणी न्हाय.

मानसिंग : वालचंदनगरच्या कंपनीतला कोन सायेब गेलाय तिकडं?

सूरज : न्हाय.

मानसिंग : मग वळख कशी झाली?

रामहरी : त्यांची याच्याशी झालीच न्हाय. याची त्यांच्याशी झाली.

सूरज : मी कॉलनीत वायरिंगची कामं करतो ना, तात्या. चार वर्सांमागं क्लबवर डिश बसवली. मी गच्चीवर डिश फिरवतोय, खालनं साहेब ओरडतायत, आलं, गेलं, आलं, गेलं. शेवटी आलं. खाली येऊन बघतो तर टीव्हीत माणसं पळतायत. डोक्यात हेल्मेट. आन हेल्मेटला दोन्ही बाजूंनी मेंढ्याची शिंगं. कानापाशी वळलेली. हुबेहूब आपल्या सर्जाची.

मानसिंग : सर्जा कोन?

रामहरी : त्यो बांधलाय न्हवं. तुमच्या धोतराचं टोक खातोय त्यो.

मानसिंग : आस्सं. शिंगं खरी का?

सूरज : रंगवलेली.

मानसिंग : धनगर हायती का ते?

सूरज : विचारायची सोय न्हाय.

रामहरी : मी गेलतो एकदा बघाया. चालीवरनं एकबी धनगर वाटला न्हाय.

मानसिंग : बरं, खेळत्यात काय नेमकं? आमच्या दिपालीला तुमी बघाया आला तवा दोघांस्नी धा मिन्टं बोलाया सोडलं हुतं. मी दाराआड उभा हुतो, खोटं कशाला सांगू. तुमी तिला सांगत हुता, चार येळा परवानगी, धा वार पुढं सरकायचं. मला वाटलं शेताचं चाललंय.

सूरज : तेच ते. चेंडू घेऊन दहा वार पुढं जायचं. चार खेपांत जमलं तर पुढच्या चार मिळतात. न्हाय जमलं तर चेंडू समोरच्यांचा.

मानसिंग : आन समोरचे काय करत्यात?

सूरज : आडवे पडतात.

मानसिंग : धा वार झालं का न्हाय, हे ठरवतं कोन?

सूरज : पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला माणूस असतो. जवळजवळ असलं की तो साखळी मागवतो. दोघंजण साखळी ताणून धरतात, मग मोजतात.

मानसिंग : थांबा. सरकारी मानूस साखळी घिऊन मैदानात येतो?

सूरज : व्हय.

मानसिंग : आन दोन्ही पार्ट्या बाजूला उभ्या ऱ्हाऊन बघत्यात?

सूरज : व्हय.

मानसिंग : म्हंजे मोजनी हाय ही. हद्दीचं भांडान हाय. आवो आमच्या बांधावर हीच म्याच तीस वर्सं चालू हाय, फकस्त टोप्या न्हाईत. कळलं मला. फुडं?

रामहरी : फुडं नवस.

मानसिंग : कुनी बोलला?

रामहरी : यानंच. तीन वर्सांमागं बिरोबाच्या जत्रंत. हातात भंडारा घिऊन, चारशे मान्सांम्होरं. मी म्हनलं, पोरगं नोकरीसाठी बोलत असंल. जवर शिंगाची टीम एका वर्सात हारल्यापरीस जास्त जिंकत न्हाय, तवर बाशिंग बांधनार न्हाय. चारशे मान्सं चांगभलं म्हनली. कशाला म्हनली, त्यास्नीबी ठावं न्हाय.

सूरज : मला वाटलं एक वरीस. फार तर दोन.

मानसिंग : मग निकाल काय पडला?

सूरज : सोळा मॅच असतात वर्साला. नवस बोललो त्या वर्षी सहा जिंकल्या.

मानसिंग : आन त्याच्या फुडच्या?

सूरज : पाच.

मानसिंग : आन गेल्या साली?

सूरज : चार.

मानसिंग : म्हंजे नवस बोलल्यापास्नं टीम उतरनीला लागलीय. त्यास्नी कळलं तर ते हरकत घेत्याल तुमच्यावर.

रामहरी : कौलबी लावला हुता मी. देवाला फुल चिकटवलं, इचारलं, पोराची टीम उद्या जिंकंल का. उजवं फुल पडलं. लई खूश झालो. आन मंगळवारी दुपारी टीव्हीत बघतोय तर हारली.

मानसिंग : देव चुकला?

रामहरी : देव न्हाय चुकला. आमी सोमवारी इचारलं. म्याच रविवारीच झालती. हितं मंगळवारी दाखवत्यात, हे देवाला कुनी सांगितलंच न्हवतं.

मानसिंग : सूरज, एक इचारू? वाईट वाटून घिऊ नगा. टीम बदलता येत न्हाय का? मी सोसायटीच्या तीन निवडनुकीला तीन पॅनलांत हुतो. तिन्ही खेपंला निवडून आलो.

सूरज : बदलता येते. टीमा पुष्कळ हायती.

मानसिंग : जिंकनाऱ्या?

सूरज : एक तर सारखी जिंकते. टोपीवर चांदणी हाय.

मानसिंग : मग चांदनीत काय वाईट हाय?

सूरज : काही न्हाय. पण तात्या, मी मंगळवारचं जेवण सोडून क्लबात जातो. शिपाई मला बघून हसतो, म्हणतो, आला का हारायला. मॅच चालू होते, हे पळत मैदानात येतात आन दर खेपेला असे येतात, की मागचं काही झालंच न्हाय. ते बघितलं की मला उठता येत न्हाय. आता हे कुणाला सांगायचं.

मानसिंग : दिपालीला सांगितलंत?

सूरज : व्हय. शेवटच्या दोन मिनिटांत.

मानसिंग : तरीच. पोरगी बारामतीच्या कालेजातनं आली की मला इचारती, आप्पा, लासुर्ण्याचा काय निरोप? मला वाटायचं लगनाचं इचारती. काल म्हनली, किती न कितीनं हारली तेबी इचारून या. पर असं किती दिस? तिच्या मागची बहीन उजवायची हाय. भाऊबंद म्हनत्यात, लासुर्न्याच्या पोरात कायतरी खोट असंल. त्यास्नी काय सांगू, चौथ्या खेपंला धा वार भरत न्हाईत म्हनून?

सूरज : तात्या, एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितली न्हाय.

रामहरी : आता काय ऱ्हायलंय?

सूरज : टीम गेली.

रामहरी : कुठं?

सूरज : गाव सोडलं त्यांनी. लई वर्सांचं गाव. क्लबात इंग्रजी पेपर येतो, साहेबांनी वाचून दाखवला. सगळं बिऱ्हाड उचललं आन दुसऱ्या गावाला चालले. आठ दिवस झाले, मला जेवण जात न्हाय. आईला वाटतंय ऊन लागलं. ती सब्जा पाजतीय.

मानसिंग : थांबा, थांबा. जुन्या गावात आता टीम हाय का न्हाय?

सूरज : न्हाय.

मानसिंग : मग सुटला की तुमी. नवस ज्या टीमचा हुता ती ऱ्हायलीच न्हाय. ज्याचा अर्ज त्योच हयात न्हाय, तर अर्ज निकाली. रीतसर हाय हे. मी सरपंच असताना असली धा परकरनं बंद केली. वैशाखातली शेवटची तीथ घिऊन टाकू.

सूरज : मलाबी तसंच वाटतं. आन मग वाटतं, तसं न्हाय.

मानसिंग : पोरं तीच का?

सूरज : बरीचशी.

मानसिंग : टोपी?

सूरज : तीच. शिंगंबी तीच.

मानसिंग : पर गाव दुसरं.

सूरज : दुसरं. लई लांब. आता ती माझी टीम हाय का दुसऱ्याच कुणाची, हेच कळंना झालंय. लग्न करावं असं मला लई वाटतंय, तात्या. म्हणून तर भीती वाटती. सोयीचं हाय म्हणून मी हो म्हणीन, आन मग मंगळवारी दुपारी काय करीन?

मानसिंग : मग वडलांस्नी इचारू. रामहरीराव, भंडारा तुमच्या घरचा, देव तुमचा. तुमी एकदा म्हना, टीम दुसरी झाली. मी उठून सरळ मांडववाल्याकडं जातो.

सूरज : आबा तर म्हणतीलच. चार वर्सं मला म्हणतायत, सोड त्यांचा नाद.

मानसिंग : म्हना की, रामहरीराव.

रामहरी : सूरज, त्यांचं आदीचं गाव कुठं हुतं म्हनलास?

सूरज : समुद्राकाठी.

रामहरी : आन आता कुठं उतरली?

सूरज : आत. तिथं समुद्र न्हाय. मोठी नदी हाय म्हणे.

रामहरी : निघाली कवा?

सूरज : आत्ताच. ह्याच उन्हाळ्यात.

रामहरी : पावसाच्या आदी.

सूरज : व्हय. का?

रामहरी : कोकनातनं देशावर आली म्हन की.

मानसिंग : रामहरीराव, तुमी कुठं निघाला?

रामहरी : कुठं न्हाय. मानसिंगराव, तुमचा जलम कुठला?

मानसिंग : आता ह्याचा काय संबंध? वरंध्याच्या घाटातला. आमचा मेंढरांचा वाडा कोकनातनं परत येत हुता. आई सांगायची, सकाळी जलमलास आन दुपारी आमी फुडं निघालो.

रामहरी : मग तुमी घाटातले का सुप्याचे?

मानसिंग : सुप्याचा. हे काय इचारनं झालं?

रामहरी : दिवाळी झाली की तुमचा वाडा खाली कोकनात जायाचा. पाऊस आला की वर. घोड्यावर बिऱ्हाड, म्होरं मेंढरं, मागं बाया. मग खाली गेल्यावर त्यो वाडा दुसऱ्याचा व्हायचा का?

मानसिंग : न्हाय.

रामहरी : झालं तर मग. वाडा उठला म्हनून वाडा बदलत न्हाय. टीम तीच हाय. नवस हाय तसा हाय.

मानसिंग : आवो, तुमच्या पोराचं लगीन मोडतंय.

रामहरी : कळतंय मला.

सूरज : आबा, तुमी चार वर्सं ह्याच टीमवरनं माझ्याशी भांडताय.

रामहरी : भांडतुयच. आताबी सांगतो, सोड नाद. पर सोडायची तर ती तीच हाय म्हनून सोड. ती दुसरी हाय असं म्हनून न्हाय. मी बारा वर्सं मेंढरामागं हिंडलोय, मला खोटं बोलता येनार न्हाय ह्यात.

मानसिंग : बघा. सोयरीक कराया आलो आन साक्ष फिरली.

सूरज : तात्या, दिपालीला सांगा, तिनं थांबू नये. नवस माझा हाय. दुसरीकडं बघा म्हणावं. मी कोणाला काही म्हणणार न्हाय.

मानसिंग : आता तुमी एक नवी भानगड काढू नगा. मला सांगा, पुढचा खेळ कवा सुरू हुतो?

सूरज : सप्टेंबरात.

मानसिंग : भादव्यात. आन संपतो?

सूरज : नाताळाला.

मानसिंग : मार्गशीर्ष-पौष. म्हंजे माघातली तीथ सापडंल. किती जिंकाया लागत्यात?

सूरज : सोळातल्या नऊ.

मानसिंग : आन गेल्या साली चार. पाचाचा परश्न हाय. नवं गाव, नवं पानी, पाच निघत्याल की. तुमाला काय वाटतं?

सूरज : मला दर वर्सी वाटतं.

मानसिंग : मग त्या सोळा म्याचची यादी लिहून द्या. कुठल्या दिशी, कुनासंगं.

सूरज : तुमी बघणार?

मानसिंग : मी कशाला. दिपालीनं मागितलीय. घरनं निघताना म्हनली, आप्पा, नवसाचं मोडून आला तर यादी आनू नगा. नवस ऱ्हायला तर तेवढी घिऊन या.

सूरज : असं म्हणाली?

मानसिंग : असं म्हनली. कसला नवस, कसली यादी, मला तवाबी कळलं न्हाय, आताबी कळलं न्हाय. मी फकस्त यादी न्यायला सांगितलीय म्हनून नेतोय. द्या वही, आन त्या सर्जाच्या तोंडातनं माझं धोतर सोडवा.

सूरज : यादी अजून पक्की आली न्हाय, तात्या. आली की मी सुप्याला आणून देतो.

मानसिंग : आनून देतो म्हंजे, तुमी सवता येनार?

सूरज : व्हय.

मानसिंग : या. चालतंय. रामहरीराव, जाता जाता एक शंका. टीम इतकी हारती, वर्सा-वर्साला उतरती. असल्या टीमला नव्या गावात घेत्याल तरी का?

रामहरी : एका साली आमी कोकनातनं निघालो, वाटंत रोग पडला. दोनशेतली ऐंशी ऱ्हायली. तरीबी शीव आल्यावर बापानं घोड्यावरनं ढोल काढला आन वाजवतच गावात शिरला. मला लाज वाटलेली. धा वर्सांचा हुतो.

सूरज : मग गाव काय म्हणालं?

रामहरी : आदी मेंढरास्नी पानी पाजलं. किती ऱ्हायली ते दुसऱ्या दिशी इचारलं.